क्विनोआ राहू द्या, पण पेजेलाही सूट नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कुडाळ तालुक्यात राहणाऱ्या एका बाईंचं हे पत्र. घरात त्या, त्यांचे यजमान, सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक अशी चार माणसं. सासूबाईंची नुकतीच रक्ततपासणी झाली, त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, जेवण सांभाळा. मुंबईच्या जाऊबाईंनी लगेच फोनवर यादी धाडली: ओट्स, क्विनोआ हे परदेशी धान्य, चियाचं बी, ब्राउन ब्रेड, बदामाचं दूध आणि शेवटी ‘भात पूर्ण बंद’. बाईंनी यादीतलं बरंचसं आणलं. किराण्याचं बिल वाढलं आणि क्विनोआला घरात कोणी हात लावीना. सासूबाईंचा सवाल, “आमी पेज जेवानच मोठे झालव मां?” घरात महिन्याला साधारण ३५ किलो तांदूळ आणि १० किलो गव्हाचं पीठ लागतं. लेकीला डब्यात नाचणीची बिस्किटं लागतात आणि शाळेतून येताना पाच रुपयांचं पाकीट. बिस्किटं नाचणीची, म्हणून बाई त्यांना नाही म्हणत नाहीत. त्या विचारतात: “सकस अन्न ओळखायचं कसं? आमचं भात-मासे-नारळाचं जेवण चुकीचं आहे का? सासूबाईंना दुखवायचं नाही आणि जाऊबाईंनाही नाही, तर मी करू काय?”

उत्तर:

आधी त्या ६.१ बद्दल, कारण तुमच्या पत्रातली सगळी धावपळ तिथून सुरू झाली आहे. या तपासणीत ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, असं धरतात. उंबरठ्यावरून माघारी फिरता येतं. डॉक्टरांनी गोळी न लिहिता जेवणाकडे बोट दाखवलं ते त्यासाठीच. तेव्हा तुमच्या हाताशी वेळ आहे, एका महिन्यात अख्खं स्वयंपाकघर उलथंपालथं करायची गरज नाही.

तुमच्या घरात दोन पक्ष पडलेत आणि आपण मधल्यामध्ये अडकलोय, असं तुम्हाला वाटतंय. मला मात्र दोघी एकाच बाजूला दिसतात. जाऊबाईंच्या मते चांगलं अन्न दुकानातून येतं, सासूबाईंच्या मते ते मागच्या पिढीकडून येतं. दोघीही पदार्थाचं नाव बघतात. ताटात काय किती पडलं आणि ते खाऊन माणसाने दिवसभर काय केलं, हे दोघीही विचारत नाहीत. सासूबाई पेज जेवून मोठ्या झाल्या हे अगदी खरं. पण ती पेज जेवून त्या लावणीच्या चिखलात दिवसभर वाकलेल्या असायच्या, विहिरीचं पाणी ओढायच्या, डोक्यावरून पेंढ्या आणायच्या. पेज तीच राहिली, दिवस बदलला. शिवाय तेव्हा दोन जेवणांच्या मध्ये साखरेचा चहा आणि त्यात बुडवायला खारी-बटर रोजच्या रोज नव्हतं. पेजेवर आळ घेण्याआधी सासूबाईंना दिवसातून किती चहा होतात आणि प्रत्येकात किती चमचे साखर पडते, ते एकदा मोजा. मला त्या चहांचा जास्त संशय आहे.

आता ओळखायचं कसं, ते बघू. लेबलं आणि तक्ते नंतर, आधी तुमच्या भागातला रतांबा, म्हणजे कोकमाचं फळ, घ्या. झाडावरून काढून खाल्ला तर ते फळ. त्याची साल त्याच्याच खारवलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा सुकवली की आमसूल झालं: पाणी गेलं, थोडं मीठ आलं, बाकी बरंचसं शिल्लक आहे. आगळ म्हणजे नुसता रस, आणि तो टिकावा म्हणून त्यात मीठ सढळ हाताने. कोकम सरबतासाठी सालींना साखरेचे थर दिलेले असतात, तेव्हा पेल्यात रतांब्यापेक्षा साखरच जास्त जाते. चारही गोष्टी एकाच झाडाच्या, चारही कोकणातल्या, चारही ‘नैसर्गिक’. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण ते मानांकन फळ कुठलं ते सांगतं, बाटलीत साखर किती ते नाही सांगत. सासूबाईंनी आमसुलाचं सार खुशाल प्यावं, सोलकढीही घ्यावी. सरबताची बाटली मात्र पाहुण्यांसाठी ठेवावी, आणि पाहुण्यांनाही जरा बेतानेच द्यावी.

कुठल्याही पदार्थापुढे उभं राहून हाच विचार करायचा: मुळातून काय काढून टाकलं आणि वरून काय घातलं? गव्हाचा मैदा झाला तेव्हा कोंडा आणि अंकुर गेले. तांदूळ पांढराशुभ्र झाला तेव्हा त्याचाही कोंडा गेला. फणसाची पोळी झाली तेव्हा गऱ्यातलं पाणी गेलं, साखर आटून घट्ट झाली, आणि बहुतेक वेळा वरून आणखी साखर पडली. प्रक्रिया म्हटली की वाईट, असं मात्र समजू नका. दही, पोहे, डाळ, आंबोळीचं आंबवलेलं पीठ, कुळथाचं पीठ या सगळ्यांवर प्रक्रिया झालेलीच आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दूर ठेवायचे पदार्थ वेगळे आहेत. स्टार्च, तेल, साखर, मीठ, वास आणि रंग कारखान्यात एकत्र जुळवून केलेले, जे कितीही ठरवलं तरी घरच्या चुलीवर होणार नाहीत असे. ब्राझीलमधल्या साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मॉन्टेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून अन्नाची अशी विभागणी मांडली. तिचं नाव ‘नोव्हा’, आणि तिच्या चौथ्या गटात हे अतिप्रक्रिया केलेले पदार्थ येतात.

या चौथ्या गटाचं नेमकं काय बिघडलेलं असतं, याचा एक प्रयोग अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस जणांना दोन आठवडे अशा पदार्थांचं जेवण दिलं आणि दोन आठवडे घरगुती पद्धतीचं, साध्या अन्नाचं. पुढ्यात ठेवलेल्या जेवणात साखर, चरबी, मीठ, चोथा हे सगळं दोन्ही वेळा सारखंच ठेवलं होतं आणि ‘हवं तेवढं खा’ म्हणून सांगितलं होतं. तरी पहिल्या जेवणावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि तेवढ्या दोन आठवड्यांत त्यांचं वजनही वाढलं. प्रयोग लहान आहे, पण एक गोष्ट त्यातून सुचते: असलं अन्न पोट भरल्याची सूचना मिळायच्या आत पोटात गेलेलं असतं. लेक पाकिटं संपवते यात तिचा हावरटपणा शोधू नका.

ती नाचणीची बिस्किटं आता हातात घ्या आणि पाकीट उलटं करा. समोर जाहिरात असते, मागे कबुली. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदा. त्यापाठोपाठ साखर आणि पाम तेल, आणि मग कुठेतरी कंसात टक्केवारी देऊन नाचणी. ती टक्केवारी नक्की वाचा. साखरेचीही सोंगं बरीच असतात: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन. अशी दोन-तीन नावं वेगवेगळी टाकली की साखर यादीत खाली सरकते. खालच्या तक्त्यात ‘अ‍ॅडेड शुगर’ची ओळ असते. तिथला ग्रॅमचा आकडा चाराने भागा, म्हणजे चहाचे किती चमचे ते कळेल. तक्ता १०० ग्रॅमसाठी असतो, हे ध्यानात ठेवून हिशेब करायचा.

ब्राउन ब्रेडला हीच परीक्षा लावा. रंग कोंड्याचा असतो किंवा कॅरॅमलचा, आणि नुसतं बघून ते कळत नाही. ‘मल्टिग्रेन’चा अर्थ एकाहून जास्त धान्यं, एवढाच. ती किती आणि कुठल्या रूपात, हे त्या शब्दात नसतं. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींबद्दल तर २०२४ च्या एप्रिलमध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना बजावलं की माल्टच्या आणि तत्सम पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात विकू नका, कारण कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. तुमच्या घरी असा डबा असेल तर तो संपला की नवा आणू नका. दुधाला चव हवी तर वेलची-जायफळ आहे.

आता भात. भात बंद करू नका, मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २,००० कॅलरींच्या दिवसासाठी माणशी धान्य सुमारे २५० ग्रॅम धरलं आहे, तेही सगळं मिळून आणि कच्च्या वजनाने. भाजी ४०० ग्रॅम, फळ १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा मासे-अंडी-मटण ८५ ग्रॅम. तुमच्याच आकड्यांवरून तुमच्या घराचा हिशेब बघा: ४५ किलो धान्य, चार माणसं, तीस दिवस. माणशी ३७५ ग्रॅम. त्यात लेक लहान आहे, म्हणजे मोठ्यांच्या वाट्याला याहून जास्त. पाहुण्यांचं आणि कोंबड्यांना घातलेलं वजा केलं तरी धान्य दीडपटीच्या आसपास राहतंच. त्याच हिशेबाने चार माणसांना दिवसाला दीड किलोहून जास्त भाजी हवी. तुमच्याकडे रोज किती भाजी चिरली जाते? एका बाजूला तोंडी लावण्यापुरती वाटीभर भाजी, मधोमध भाताचा ढीग, असंच आपल्याकडचं बहुतेक ताट असतं, आणि मी ते मुंबईतल्या कोकणी घरांतही बघत आले आहे. तुमच्या घरातली उणीव ही आहे, क्विनोआची नव्हे.

त्यामुळे महिन्याचा तांदूळ भरताना ३५ ऐवजी २७-२८ किलो भरा, आणि कमी झालेल्या तांदळाचे पैसे भाजी-कडधान्याकडे वळवा. सासूबाईंना यातलं काही सांगायचीही गरज नाही. भाताचा डाव लहान घ्या, ताटात आधी भाजी आणि उसळ वाढा, भात शेवटी. भाजी आणि कडधान्य आधी पोटात गेलं की पाठोपाठच्या भाताची साखर रक्तात सावकाश चढते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं खळ्यात येरझारा घातल्या तर आणखी चांगलं.

तांदूळ कुठला, हेही महत्त्वाचं आहे. उकडा तांदूळ तुमच्याकडे आहेच, आणि तो टाकून दुकानातला ब्राउन राइस आणायचं कारण मला तरी दिसत नाही. भात सालीसकट भिजवून उकडला की वरच्या कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात. पुढे गिरणीत थोडा कोंडा निघाला तरी सगळं वाया जात नाही. वालय, सोरटीसारखा लाल तांदूळ असेल तर गिरणवाल्याला ‘पॉलिश कमी मार’ म्हणून सांगा, ऐकतात ते. कमी पॉलिशच्या तांदळाला कीड मात्र लवकर लागते, तेव्हा एकदम वर्षाचा भरडून ठेवू नका.

रेशनच्या तांदळाबद्दल गावोगाव एक शंका असते, ती इथेच मिटवून टाकते. गेल्या काही वर्षांत त्यात जे वेगळे दिसणारे दाणे आले, ते प्लास्टिकचे नव्हेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि ब-१२ मिसळून केलेले ते दाणे, शंभराला एक या प्रमाणात घातलेले. निवडून फेकू नका.

पेजेचं म्हणाल तर तांदूळ जितका जास्त शिजेल आणि जितका पातळ होईल, तितका तो लवकर पचतो आणि साखर लवकर चढवतो. तापातून उठलेल्या माणसाला पेज देतात ती याच गुणामुळे, आणि उंबरठ्यावरच्या साखरेला तोच गुण आडवा येतो. म्हणून सासूबाईंची पेज काढून घेऊ नका, तिच्यासोबत काय असतं ते बदला. नुसता लोणच्याचा खार आणि पेज, असं नको. वाटीभर मुगाची किंवा चवळीची उसळ असू द्या, नाहीतर एखादं उकडलेलं अंडं. पेजेत पाण्यापेक्षा शितं जास्त ठेवा, आणि तीही घोटलेली नकोत. नुसत्या पेजेवर दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि तिथेच तो चहा-बटर शिरतो.

नाचणीबाबतही हेच. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं आणि तेव्हापासून नाचणीचे डबे, बिस्किटं, शेवया यांना ऊत आला आहे. नाचणीत कॅल्शियम खरोखर भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तांदळात त्याच्या तुलनेत नावापुरतंच. पण मधुमेहाला नाचणी चालते म्हणून सकाळी गूळ घालून आंबील, दुपारी भात आणि रात्री भाकरी असं केलं तर साखर वाढणारच. नाचणी त्या २५० ग्रॅमच्या आत बसवायची, वर नाही. आणि आंबिलीपेक्षा भाकरी बरी, चावून खावी लागते. बाजारच्या नाचणी सत्त्वापेक्षा घरी मोड आणून, सुकवून दळलेली नाचणी चांगली. मोड आल्याने दाण्यातलं लोह-कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. सत्त्व करताना वस्त्रगाळ करून चोथा मात्र फेकू नका.

भाजी कुठून आणायची, हा प्रश्न कुडाळ तालुक्यात कोणी विचारला तर मी जरा चकितच होते. पण मला माहीत आहे, घाटावरून येणारा कोबी-फ्लॉवर बाजारात महाग असतो आणि परसातलं काही ‘भाजी’ म्हणून मोजलंच जात नाही. शेवग्याचा पाला, अळू, लाल माठ, केळफूल, कच्ची केळी, कच्ची पपई. मार्चमध्ये कुवल्याची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, पुढे गऱ्यांची, आणि पावसात उकडलेल्या किंवा भाजलेल्या आठळ्या. वायंगणी चवळी आणि मुळा. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, आणि मागाहून करांदे-कणगी. करांदे, कणगी, आठळ्या यांत पिष्ट भरपूर आहे. त्या दिवशी भात तेवढा कमी करायचा, त्यांना भाजीत धरायचं नाही. शेवळं आणि अळू आमसुलासारखं काही आंबट घालून, नीट शिजवून खा, नाहीतर घसा खाजवतो. आणि जी रानभाजी घरात कोणीच ओळखत नाही ती फोटो बघून तोडू नका. या बाबतीत सासूबाई हीच तुमची शाळा. खरं तर त्यांना जेवणाच्या बदलात सामील करून घ्यायचा हाच रस्ता आहे. ‘आई, पेज बंद’ असं म्हणण्यापेक्षा ‘आई, टाकळो खंय गावतलो?’ असं विचारा.

प्रथिनांचं बघू. कुळीथ तुमच्याकडचं सोनं, कोरड्या कुळथात पंचवीस टक्क्यांच्या जरा खाली प्रथिनं असतात. पण पिठी करताना चौघांत तीन-चार चमचे पीठ पडतं, ते मोजलं तर माणशी काहीच येत नाही. पिठी रोज हवी तर होऊ द्या, आठवड्यातून दोनदा तरी कुळथाची मोड आणून उसळ करा. चवळी, मूग, वाल, काळे वाटाणे आलटून पालटून. भातासोबत कडधान्य असलं की एकातल्या प्रथिनांची उणीव दुसरं भरून काढतं.

मासे चुकीचे कसे असतील? उलट सुरमई-पापलेटच्या मागे लागून खिसा रिकामा करू नका. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्त आणि तेलकट मासे ओमेगा-३ या चांगल्या चरबीच्या दृष्टीने उजवे, आणि बारीक पेडवे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं. तिसऱ्यांतून लोह आणि ब-१२ मिळतं. फक्त रोज रवा लावून तेलात तळू नका. तिरफळ घालून तिखलं, सार, किंवा हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुका बांगडा, सुकट, गोलमो निघतात. चव उत्तम, पण मीठ फार. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि खाऱ्या माशाचा एक मोठा तुकडाच त्यातला बराच वाटा खातो. कोमट पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, मग शिजवा आणि वर मीठ घालू नका. लोणचं त्या दिवशी फडताळातच राहू दे. सोमवार, गुरुवार आणि श्रावण पाळत असाल तर त्या दिवसांत कडधान्य आणि दही-ताक वाढवा. नुसता भात-पिठी-पापड हा शाकाहार म्हणून फारच लंगडा आहे.

नारळाबद्दल कोकणात जपूनच बोलावं लागतं. तो विषही नाही आणि फोनवर फिरतं तसं औषधही नाही. त्यातली चरबी मुख्यतः संपृक्त आहे, म्हणून हात आखडता हवा. वाटपात ओलं खोबरं गेलं की चोथ्यासकट जातं, त्या दिवशी फोडणीचं तेल निम्मं करा. वाटपही, वर तेलाचा तवंगही, आणि शेवटी सोलकढी, हे रविवारी ठीक. सासूबाईंचं कोलेस्टेरॉल तपासलं नसेल तर पुढच्या वेळी साखरेबरोबर तेही बघून घ्या. आंबाही बंद नको. जेवणावर आमरस नको, मधल्या वेळी अर्धा हापूस चिरून, आणि त्या वेळचं बिस्किट गाळून.

लेकीवर येते. नऊ वर्षांच्या मुलीला ‘हे वाईट, ते विष’ असं सांगू नका, आणि तिच्या जाडी-बारीकपणावर तर घरात कोणी शब्दही काढू नये. पाकीट आठवड्यातून एक दिवस ठरवून द्या, तिने स्वतः निवडलेलं. बाकीचे दिवस शाळेतून आल्या आल्या समोर तयार काहीतरी हवं, कारण भूक थांबत नाही आणि रस्त्यावरचं दुकान उघडं असतं: भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, चणे-कुरमुरे, उकडलेलं रताळं, केळं, खोबरं घातलेले दडपे पोहे. डब्यात नाचणीचा घावणा आणि चटणी द्या. तो थंड झाला की रबरासारखा होतो अशी मुलांची तक्रार असते आणि ती खरी आहे. पिठात थोडं तांदळाचं पीठ आणि ताक मिसळलं तर जरा मऊ राहतो. पाकिटामागची नावं तिलाच वाचायला द्या. मैदा शोधण्याचा खेळ या वयात मुलांना आवडतो, आणि मग घरात येणारं प्रत्येक पाकीट तीच तपासू लागते. तुमचंसुद्धा.

जाऊबाईंची यादी पूर्ण टाकाऊ नाही. साधे ओट्स हे अख्खं धान्य आहे, त्यातला विरघळणारा चोथा कोलेस्टेरॉलला चांगला. आणलेत ते भाजी घालून उपम्यासारखे संपवा, मसाल्याची पुडी असलेले मात्र पुन्हा आणू नका, त्यात मीठ भारी. चिया कोशिंबिरीत टाका. पुढे तीळ आणि जवसाची चटणी तेच काम करील, स्वस्तात. क्विनोआ वाईट नाही, पण त्याच्या एका किलोच्या पैशांत कितीतरी पट नाचणी येते आणि ती घरात खाल्ली जाते. बदामाच्या दुधात बदाम किती, ते मागे वाचा. दूध पचत असेल तर साधं दूध किंवा ताकच बरं. जाऊबाईंना फोन करून आभार माना, वापरलं ते सांगा, आणि भाताचा हिशेब केला तोही सांगा. ‘बंद’पेक्षा ‘मोजून’ हे त्यांनाही पटेल. त्यांच्याही घरात भात शिजतोच.

हे वाचून स्वतःच्या घरी बदल करणाऱ्या इतरांना दोन सूचना. कोणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर भात एकदम कमी करू नका, साखर अचानक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळं, कंद, पालेभाज्या आणि कडधान्यं वाढवण्याआधीही विचारा. पोटॅशियम आणि प्रथिनांचं गणित तिथे वेगळं असतं.

तुमच्या सासूबाईंची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याआधी नको, कारण हा आकडा साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दाखवतो. तोवर एका वहीत दोनच गोष्टी लिहीत जा: तांदळाचा डबा किती दिवसांनी भरला, आणि रोज किती भाजी चिरली. तपासणीला जाल तेव्हा ती वही डॉक्टरांना दाखवा.